निरोपाचा चढ

शनिवारी सकाळी रमणने पलंगावरून पाय खाली सोडले आणि ते जमिनीला लागलेच नाहीत. म्हणजे थांबले कुठेतरी, अधांतरी राहिले नाहीत. पण हिल्सबरोच्या त्या घरातली रोजची थंडगार लाकडी जमीन, जी इथल्या जूनच्या हिवाळ्यात टाचेतून शिरते ती थेट टाळूपर्यंत चढते, ती आलीच नाही. पाय कशाततरी बुडाले. त्याने वाकून पाहिलं. मेंढीच्या कातड्याच्या नव्याकोऱ्या सपाता होत्या, आत चांगली बोटभर लोकर, आणि त्याचे पाय जिथे पडतात बरोब्बर तिथे, त्याच कोनात कोणीतरी त्या मांडून ठेवल्या होत्या. त्याचे झिजलेले निळे रबरी जॅन्डल्स, ज्यांच्यात त्याच्या अंगठ्यांचे दोन खड्डे कायमचे पडले होते, कुठेच नव्हते. "मिळाल्या का?" स्वयंपाकघरातून वासंतीचा आवाज आला. "हं," तो म्हणाला. त्या घरात 'हं'वर पुष्कळ काही चालायचं. दोन अधिक मोठ्या हुंकारांवर तर त्यांनी गाडी विकत घेतली होती, असं ओळखीचे लोक सांगतात. तो पाय बुडवून बसून राहिला. मऊ होतं, ऊबदार होतं, आणि खाली जमीन आहे की नाही ते कळत नव्हतं. आणि मग, काही कारण नसताना, ऑफिसातला एक शब्द त्याच्या डोक्यात दिवा लागावा तसा लागला: कम्फर्ट. सीनियर, कम्फर्ट. त्याने सपाता हळूच उचलून उलट्या केल्या. चांगल्या होत्या. नको इतक्या चांगल्या होत्या.

आता रमणच्या ऑफिसचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, सपातांना कोण घाबरतं. हेन्डरसनला एका इमारतीत, खाली पाळीव प्राण्यांच्या वस्तूंचं भलंमोठं दुकान आणि वर त्याच साखळीचं मुख्य कार्यालय, तिथे तो बसायचा. कोण काय घेतं, किती वेळा घेतं, काय घ्यायचं थांबवतं, एवढंच बघायचं काम. या देशात लोकांना कुत्र्यामांजरांचे मालक म्हटलेलं आवडेनासं झालं होतं. ते आईबाप झाले होते. महागाई आली तेव्हा आईबापांनी स्वतःचं लोणी कमी केलं, चीज हलकं घेतलं, बाहेरची कॉफी सोडली, पण पोराच्या ताटातला सामन मासा हलला नाही. रेम्युएरातल्या एका बाईंच्या मांजराला स्वतःचा टीव्ही होता, त्यावर दिवसभर चिमण्या, आणि जाहिरात लागली की ते मांजर रिमोटवर पाय ठेवायचं. डेव्हनपोर्टला एक म्हातारा आपल्या कासवासाठी हिवाळी कोट शिवून मागायला आला होता, आणि माप घेताना कासवाने पोट आत ओढलं, हे तर दुकानातल्या पोरींनी डोळ्यांनी पाहिलं. रमण हे सगळं ऐकायचा, मान हलवायचा आणि आपल्या पडद्याकडे वळायचा. त्याला मांजर दिसायचं नाही, कासव दिसायचं नाही, रेषा दिसायच्या. आणि या रेषांमध्ये एक रेष त्याने स्वतः शोधून काढली होती. वर्षानुवर्षं सपाट चाललेलं एखादं गिऱ्हाईक, साधं कोरडं खाणं, वर्षातून एक पट्टा, अचानक वर चढायला लागतं. आधी 'सीनियर, कम्फर्ट'च्या, म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्यांच्या खान्यातली मऊ गादी येते. मग सांध्यांचं तेल. मग गाडीत चढायचा रॅम्प, मग महागातलं ओलं खाणं, मग रोज नवं काहीतरी, जणू घरात लग्न निघालंय. आणि मग एके दिवशी काहीच नाही. रेष कड्यावरून पडावी तशी तळाला जाते आणि पडून राहते. रमणला याचा अर्थ सांगायला कोणी लागलं नाही. कुत्रं म्हातारं झालं, कळलं की आता जाणार, तेव्हा माणूस खर्च करायला लागतो. गेलं की थांबतो. त्याने मनातल्या मनात त्याला निरोपाचा चढ म्हटलं. मॅनेजर चिराग, घाटकोपरचा पोरगा, मराठी त्याच्या पद्धतीने बोलायचा, तो ती रेष पाहून खुर्चीतून उठलाच. "रमणभाऊ, काय माल काढलात! म्हणजे पब्लिक रडतंय तेव्हा आपण तिथे असायला पाहिजे. गादीनंतर लगेच रॅम्पचं कूपन." रमण म्हणाला, "बघू." पण त्याच्या 'बघू'ला तिथे कोणी विचारत नव्हतं, पाहता पाहता त्या रेषेला इंग्रजी नाव पडलं, तिची स्लाइड झाली आणि मीटिंगला लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असताना त्याला दाढ काढून आल्यावरची दुपार आठवत होती. इंजेक्शनने अर्धा जबडा गेलेला असतो, आपण जेवतो, आणि ताटात रक्त दिसतं तेव्हा कळतं की आपण आपलाच गाल चावत होतो.

तर सपाता. एकट्या सपाता असत्या तर रमणने त्या पायात घातल्या असत्या आणि विसरला असता. पण तो बैठकीच्या खोलीत आला, आणि सवयीने त्याची नजर मागेमागे जात राहिली, गिऱ्हाइकाचा इतिहास उघडावा तशी. एप्रिलमध्ये, जयंतीच्या जेवणाची गडबड संपली आणि माउंट रॉस्किलच्या हॉलमधली भांडी धुऊन परत आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या बाजूच्या गादीवर एक जाड फोम आला होता. फक्त त्याच्या बाजूला. वासंती रात्री त्याच्यापेक्षा चार बोटं खाली निजायची, शेजारच्या आळीत राहिल्यासारखी. मग पाठीला ऊब देणारं पांघरूण. मग तो भाताचा कुकर, ज्याला एकच बटण होतं आणि भात झाला की चिमणीसारखा आवाज करायचा. "इकडे या जरा," वासंती म्हणाली होती, "एवढं बटण दाबायचं. दाबून दाखवा." त्याने दाबून दाखवलं होतं. मग एका रविवारी पुकेकोहेहून येताना तिने बटाट्यांचं पोतं, कांद्यांचं पोतं आणि मेथीच्या एवढ्या जुड्या आणल्या की गाडीत मागचं काही दिसेना. मेथी निवडली, चिरली, लहान लहान पिशव्यांत भरून गोठवली. एका माणसाच्या एका वेळच्या पिशव्या. हे त्याला तेव्हा दिसलं होतं. पण दिसणं वेगळं आणि लागणं वेगळं. कणीक, तूरडाळ, चहा हे आता आपोआप दारात येणार होतं, दर महिन्याला, पावट्याच्या खाण्याचा डबा येतो तसंच. पावटा म्हणजे कुत्रा. लेक ईशा शाळेत असताना तिने हट्टाने आणला आणि बापाला जी भाजी डोळ्यांसमोर नको तिचं नाव त्याला ठेवलं. व्हेटच्या दवाखान्यातल्या माणसांना ते नाव पुकारताना तोंडाला घाम फुटायचा. आता तो म्हातारा झाला होता. त्याच्यासाठी मागच्या दाराच्या पायऱ्यांवर वासंतीने एक छान रॅम्प आणून टाकला होता, वर खरखरीत कापड लावलेला. पावट्याने तो एकदा हुंगला, आणि त्या दिवसापासून रॅम्पच्या अगदी शेजारून, कण्हत, पायऱ्यांवरून उतरू लागला. रॅम्पवर आजतागायत कोणी पाऊल ठेवलं नव्हतं.

आणि तपासण्या. मे महिन्यात रमणच्या छातीत जरा जड वाटलं होतं, रक्त घेतलं, छातीवर थंड जेली लावून काय काय पाहिलं. दवाखान्याचे मेसेज वासंतीच्या फोनवर यायचे, कारण या देशात आले तेव्हा एकच फोन होता आणि तो तिच्याकडे असायचा, मग कोणी ते बदललंच नाही. "काही नाही, ठीक आहे म्हणाले," तिने सांगितलं होतं, डाळ धुता धुता, पाठमोरी. त्याने पाठीकडे पाहून मान हलवली होती. आता त्याला ती पाठ आठवली. आणि टर्म संपता संपता तिने बालवाडीतली नोकरी सोडली तेही आठवलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसलेली बाई, "आता पुरे" म्हणून घरी बसते, ते कशाला? आणि ईशाशी ब्रिस्बेनला चाललेली तिची बोलणी, जी तो खोलीत आला की हवामानावर यायची. आणि परवा ती कपाटाकडे तोंड करून उभी होती, हळदीचा डबा हातात धरून, बराच वेळ, आणि त्याने विचारलं नाही काय झालं, कारण तिने विचारलं असतं तर त्यालाही आवडलं नसतं. मऊ गादी, ऊब, गोठवलेली भाजी, सपाता. रमणने सोफ्यावर बसून ती सगळी रेष डोळ्यांपुढे काढली. सुंदर रेष होती. अशी स्वच्छ रेष त्याला ऑफिसातही मिळाली नव्हती. म्हणजे मी मरतोय, त्याने स्वतःला सांगितलं. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. तो बंद होईपर्यंत त्याने वाट पाहिली, की आता काहीतरी वाटेल. मिक्सर बंद झाला. काही वाटलं नाही. "चहा टाकू?" "हं."

पुढचे काही दिवस मोठे मजेत गेले, हे सांगायला संकोच वाटतो, पण गेले. मरणाऱ्या माणसाला बरंच काही सोपं होतं. वॉटरव्ह्यूच्या बोगद्यात गाड्या तुंबल्या तरी तो शांत बसायचा. चिरागने कूपनांचं वेळापत्रक त्याच्यापुढे टाकलं तर त्याने दोन सूचनाही केल्या. घरी येऊन सपाता घालायचा, एका बटणाचा भात खायचा, आणि वासंती त्याला वरण शिकवायची. "हिंग आधी. आधी हो. डाळ फुगून बसलीय आणि तुम्ही हिंग शोधताय, असं नाही करायचं." "आपण मिळून करतोय ना," तो म्हणाला. तिने पळी त्याच्या हातात दिली. त्याला वाटलं, किती जपते आहे. मला शेवटी जड जाऊ नये म्हणून हाताला काम देते. त्याला तिची कीवही आली, लांबून, शेजारणीची यावी तशी. विचारायचं त्याच्या मनात यायचं. काय निघालंय तपासणीत, सांग. जिभेवर यायचं आणि तिथे जीभ नसायचीच, दाढेच्या दिवशी नसते तशी. शिवाय त्याला वाटे, ती इतकं झाकतेय, तिचा खेळ आपण कशाला मोडायचा. ईशाचा फोन आला तर ती म्हणाली, "बाबा, हाऊ आर यू? आर यू ओके? लाइक, रिअली ओके?" तो इकडच्या बोलीत म्हणाला, "मस्त. स्वीट ॲज." ती म्हणाली, "बाबा, यू नेव्हर से एनिथिंग." पलीकडे तिचं बाळ रडत होतं. ते बाळ त्याने एकदाच घेतलं होतं, विमानतळावर, आणि त्याच्या हाताला ते किती जड होतं ते त्याला आठवत नव्हतं. गेल्या वर्षी ईशाने दोघांना तिकडे कायमचं यायला सांगितलं होतं. खोल्या मोजून दाखवल्या होत्या फोनवर, हे तुमचं बाथरूम, हे पावट्याचं अंगण. वासंती फोनपुढे वाकून वाकून बघत होती. रमण म्हणाला होता, "बघू." आणि मग त्यावर काहीच झालं नाही, म्हणजे रमणच्या बाजूने.

या घराची जमीन उतरती होती, हेही इथे सांगून ठेवतो. टेकडीच्या अंगावर घर, बांधणाऱ्याने पाया घालताना हातात पाणपातळीची बाटली धरली होती की दुसरी कुठली, कोण जाणे. ईशा लहान असताना तिचा चेंडू कुठेही ठेवला तरी आपला आपण मागच्या दाराकडे निघायचा, आणि दार उघडं असेल तर कुंपणापर्यंत, आणि एकदा तर म्हणे खालच्या खाडीतल्या तिवरांपर्यंत गेला आणि भरतीबरोबर मांगेरेच्या पुलाखाली सापडला. रमणला तो उतार आवडायचा नाही. त्याने पलंगाच्या, टेबलाच्या, कपाटाच्या पायांखाली लाकडाच्या चकत्या घालून सगळं सपाट केलं होतं. सगळं जागच्या जागी राहायचं. वासंती म्हणायची, "तुमचं चाललं असतं तर माझ्याही एका पायाखाली घातली असतीत." हे ती हसून म्हणायची. पूर्वी.

मंगळवारी दुपारी टीना त्याच्या टेबलाशी आली. टीना फोनवर बसणाऱ्या बायकांची प्रमुख. सामोअन, अंगाने भरलेली, कानात मोठी फुलं, सगळ्यांना डार्लिंग म्हणायची. कूपनांची मोहीम सुटण्याआधी वरच्या कोणीतरी हुकूम केला होता की, ज्यांची रेष तळाला गेली अशा काही गिऱ्हाइकांना आधी फोन करा, सांत्वनाचे दोन शब्द बोला आणि अंदाज बरोबर आहे का बघा. टीनाने कॉफीचा कप त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवला. "रमण, डार्लिंग, तुझ्या मेलेल्या कुत्र्यांना फोन केले." "मग?" "अरे, त्यातली हीप्स, ढिगाने, जिवंत आहेत." टीना पुढे सांगू लागली. "काही गेली, हो. बिचारी रडतात अजून. पण बाकीची? मस्त आहेत. खातायत, झोपतायत. फक्त दुसऱ्या कोणाकडे." "दुसऱ्या कोणाकडे म्हणजे?" "अरे, लोक ऑस्ट्रेलियाला चाललेत ना सगळे! पर्थ, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट. म्हातारं कुत्रं कसं नेणार? मग ते ठेवून जातात. भावाकडे, शेजाऱ्याकडे, नाहीतर नवीन घर शोधून. आणि ठेवून जायच्या आधी खरेदी करतात, बघ, वेड्यासारखी. चांगली गादी, चांगलं खाणं, सहा महिन्यांचा साठा. मला एक बाई म्हणाली, आय वॉन्टेड हिम टू बी सॉर्टेड. त्याचं सगळं नीट लावून मगच निघाले, म्हणाली." टीनाने खांदे उडवले. "अपराधी वाटतं ना. मरणाऱ्यावर माणूस एवढा खर्च करत नाही, डार्लिंग. सोडून जायचं असलं की करतो."

ती गेली तरी कॉफी तिथेच राहिली. रमणने पडद्याकडे पाहिलं. रेष तीच होती. चढ तोच, कडा तोच, तळ तोच. फक्त आता तिच्यात दोघं दिसत होते. इतके दिवस त्याला वाटत होतं की रेष जाणाऱ्याची आहे. ज्याच्यासाठी गादी येते तो जातो. रेष तर गादी आणणाऱ्याची होती. कोण निघालंय हे रेष सांगतच नाही. आणि मग, ऑफिसात, भर दुपारी, चिरागच्या हसण्याचा आवाज काचेपलीकडून येत असताना, रमणला पिंपरीतली कॉलनी दिसली, पाण्याच्या टाकीखालची गल्ली, आणि तिच्यातून येणारा त्याचा बाप, काखेत एक खोकं धरून. खोक्यात बूट होते. काळे, चामड्याचे, आत कागद कोंबलेला. कॉलनीत तेव्हा कोणा पोराला चामड्याचे बूट नव्हते. रमणने ते घालून गटारावरून उड्या मारल्या, आख्ख्या गल्लीला टक टक ऐकवली. बूट मोठे होते, पुढे कापूस घालावा लागला. "वाढत्या अंगाचे घेतलेत," बाप म्हणाला, आणि त्याच्यापुढे उकिडवं बसून नाड्या बांधत राहिला, बांधून झाल्या तरी सोडून पुन्हा बांधत राहिला. त्याच आठवड्यात आईला प्रेशर कुकर आला, घराला नवी कडी आली, भिंतीला चुना. पोराला वाटलं, आपण श्रीमंत झालो. मग एका पहाटे बाप मस्कतला गेला, आणि परत आला तेव्हा बूट केव्हाच लहान होऊन दुसऱ्या कोणाच्या पायात गेले होते. हे रमणला ठाऊक होतं. ही रेष त्याला सगळ्यात आधी, कोणत्याही पडद्याआधी, पायांनी ठाऊक होती. आणि त्याने ती कुत्र्यांच्या खाण्यात शोधली आणि चुकीची वाचली. तो मरत नव्हता. त्याचं सगळं नीट लावून होत होतं. त्याला हसू आलं, म्हणजे तोंडाचा एक भाग हसला.

तो लवकर निघाला. जिन्यात ठरवलं की घरी जायचं आणि बोलायचं. गाडीपर्यंत जाता जाता वाक्य तयार झालं. जाऊ नकोस. दोनच शब्द, त्यात अवघड काय आहे. किंवा, मीही येतो. तेही फार लांब नव्हतं. त्याने ते गाडीत बसून मोठ्याने म्हणून पाहिलं आणि शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली. वाक्य बरं होतं, पण रिकाम्या हाताने घेऊन जायचं कसं? इतक्या दिवसांत ती किती काय काय घेऊन आली आणि आपण काय नेलं? कधी काय नेलं? हा विचार त्याला इतका खरा वाटला की गाडी आपोआप हेन्डरसनच्या मॉलकडे वळली, आणि पाय आपोआप आत गेले, दागिन्यांवरून, सुगंधांवरून, कापडांवरून, आणि जिथे थांबले तिथे बॅगा होत्या. दुकानातला पोरगेला माणूस म्हणाला, "किया ओरा! कुठे छान ठिकाणी निघालात?" "मी नाही. बायको." "ओह, लकी लेडी." रमणने कधी कुठली वस्तू इतकी नीट पाहिली नव्हती. त्याने चेन उघडून मिटली, उघडून मिटली. कडा हाताला टोचतात का ते पाहिलं. वासंतीचा उजवा खांदा दुखतो, हे त्याला आठवलं, आणि इतकं आठवल्याने त्याच्या छातीत काहीतरी हललं, खरंच हललं. बधिर जबड्यात पहिली मुंगी येते तसं. हलकी हवी. आणि चाकं अशी हवीत की ओढावी लागू नये, नुसतं बोट लावलं की चालावी. त्याने सगळ्यांत चांगली घेतली, गडद निळी. तिला कळेल, त्याला वाटलं. एवढी चांगली वस्तू पाहिली की तिला आपोआप कळेल आपल्याला काय म्हणायचंय. बोगद्यातून जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं, बॅग मागच्या सीटवर नीट बसली आहे का.

घरी आला तेव्हा अजून उजेड होता, खाडीवरचा तो हिवाळी उजेड, पाणी घातलेल्या दुधासारखा. मागचं दार पावट्यासाठी उघडं होतं. वासंती ओट्याशी भाकरीचं पीठ मळत होती. त्याने दाराशी बूट काढले, सपातांत पाय घातले आणि बॅग खोलीच्या मध्यभागी उभी केली. तिने वळून पाहिलं. आधी बॅगेकडे, मग त्याच्याकडे, मग परत बॅगेकडे. पिठाचे हात तिने तसेच हवेत धरले.

"कळलं तर," ती म्हणाली.

"हं."

"ईशाने सांगितलं?"

"नाही. कुत्र्यांवरून कळलं."

तिला हसूच आलं. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली, मनगटाने डोळा पुसत, नाकाला पीठ लावून घेत. "कुत्र्यांवरून! आणि इथे मी एप्रिलपासून एकेक वस्तू तुमच्या पुढ्यात आणून टाकतेय. गादी टाकली, म्हटलं विचारतील. कुकर आणला, म्हटलं आता तरी विचारतील, अगं हे एकट्याचं काय चाललंय. मेथी एकट्याची भरली, तुमच्या डोळ्यांदेखत. सपाता तर अशा आणल्या की माणूस दचकलाच पाहिजे. विचारलंत एकदा तरी?"

"मला वाटलं मी मरतोय."

ती हसायची थांबली. त्याच्याकडे बघत राहिली, एखाद्या लांबच्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवावं तशी. "मग ते तरी विचारायचंत."

पावटा कोपऱ्यात कण्हला आणि कूस बदलली. कुकर एकदा चिमणीसारखा ओरडला. रमणने तोंड उघडलं. वाक्य तिथेच होतं, दोन शब्दांचं, गाडीत पाठ केलेलं, दातांच्या आतल्या बाजूला टेकून उभं. वासंती थांबली होती. तिने पिठाचे हात खाली घेतले नव्हते. तिचं सगळं शरीर थांबलं होतं, त्याच्या तोंडाकडे पाहत, जणू तिकडून काही पडणार आहे आणि झेलायचंय.

"हलकी आहे," रमण म्हणाला. "उचलून बघ. तुझा खांदा दुखतो ना. आणि चाकं चारही बाजूंना फिरतात."

मग ओट्याकडे वळून तिने हात धुतले, पदराला नाही, टॉवेलला नीट पुसले, आणि येऊन बॅगेच्या कडीला एक बोट लावलं. फक्त लावलं. बॅग निघाली. त्या घरात सगळ्याच्या पायाखाली चकत्या होत्या, फक्त ती नवीन होती. हळूच, काही आवाज न करता, ती टेबलाला वळसा घालून गेली, सोफ्याच्या बाजूने गेली, पावट्याने मान उचलून तिला वाट दिली, आणि ती उघड्या दारातून, ज्या रॅम्पवर आजवर कोणी पाऊल ठेवलं नव्हतं त्याच्यावरून, एखाद्या शहाण्या बाईसारखी उतरून खाली गवतात जाऊन उभी राहिली, खाडीकडे तोंड करून.

रमणला वाटलं, धावावं. पायांत सपाता होत्या, खाली जमीन आहे की नाही ते कळत नव्हतं.

"चाकं चांगली आहेत," वासंती म्हणाली.